वीतभर जागा

हौसाक्का गोधडी ओट्यावर पसरून कडेपासून आत टाक्यांवरून बोट फिरवू लागल्या. बायको असताना तिच्या प्रत्येक गोधडीला त्यांनी नावं ठेवली होती. ही तिची शेवटची. मध्ये वीतभर जागा शिवायची राहिली होती, तेवढी त्यांच्याकडून भरून घ्यायला मी आलो होतो.

त्या जागेजवळ बोट थांबलं. "हे वाकडे टाके कुणाचे, दाजी?"

आजारपणात तिचा हात थरथरायचा, तेव्हाचे ते टाके. पण गेल्यावरही तिला बोलणी बसू नयेत, म्हणून मी म्हणालो, "माझे."

"तरीच! तिचा टाका कसा, सरळ रेघ. उसवते मी हे." त्यांनी कात्री उचलली.

मी घाबरून गोधडीवर हातच ठेवला. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच होतं. "नको आक्का, राहू द्या."

"मग मधलंही तुम्हीच शिवा. माझ्यासमोर," म्हणत त्यांनी सुई पुढे केली.

जन्मात मी सुई धरली नव्हती. हात इतका कापत होता, की पहिला टाका अगदी तिच्यासारखा पडला.