पायथन सापडत नाही

"परत तेच! पायथन सापडत नाही म्हणे. अरे, आत्ताच तर टाकलंय मी!" एलिना लॅपटॉपवर खेकसली.

उद्या शाळेत प्रदर्शन. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा तिचा प्रोग्रॅम शाळेच्या कम्प्युटरवर कसा मस्त पळायचा. इथे मात्र कोड लिहायचा एडिटर हटून बसला होता. त्याला कोड दिसत होता, पण तो चालवणारा पायथन काही दिसत नव्हता.

"तुळिंजच्या दुकानात परत नेऊ का?" दारात जाळं विणत बसलेल्या पप्पांनी विचारलं. सॅन्टनने मागच्याच आठवड्यात लेकीसाठी हा जुना लॅपटॉप आणला होता.

"छे! मी आहे ना. फक्त ही बटणं कचकचतात हो पप्पा. आत वाळू आहे."

"राजोडीत कुनाच्या घरात वाळू नाय? आनि लागतं तेवढंच उघड. उगाच खोदत बसू नको."

शेजारची मटिल्डा आंटी एलिनाला चिकटून बसली होती. लॅपटॉप आल्यापासून ती रोज संध्याकाळी यायची.

"तुझी टकटक ऐकली ना बाय, की आमचा ॲल्रॉय घरात असल्यागत वाटतं."

एलिनाचा हात थबकला. बारावीचा निकाल लागला, घरात भांडण झालं आणि ॲल्रॉय निघून गेला, त्याला वर्ष होत आलं. गावाने समुद्रात होड्या घातल्या, किनारा पिंजून काढला. सगळ्यांच्या पुढे पप्पाच होते. हाती काहीच लागलं नाही.

"लोक कायपन बोलतात," आंटी म्हणाली. "अगं, बॅग घेऊन गेला, लॅपटॉप घेऊन गेला. मरायला जानारा मानूस लॅपटॉप कशाला नेईल? कामाला लागला असेल कुठंतरी. काय रे सॅन्टन?"

"येईल, येईल तो," सॅन्टन जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला.

"रोज त्याच्यासाठी माशाची तुकडी बाजूला ठेवते. लाडोबा माझा! बापाचं नाव कधी लावलं नाय. बॅटीवर, सायकलवर, जिथं तिथं आपलं 'ॲल्रॉय मटिल्डा'."

एलिनाला हसू आलं. सायकलवरचं ते वाकडंतिकडं नाव तिनेही पाहिलं होतं.

"थांबा आंटी, आता बघा माझी कमाल." ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. एडिटरला स्वतःहून सापडत नसेल, तर आपणच पत्ता दाखवायचा. सोप्पं! तिने पायथनचा पत्ता निवडायची खिडकी उघडली. आधी सी ड्राइव्ह. मग युजर्स, म्हणजे हा लॅपटॉप वापरणाऱ्यांचे फोल्डर. त्यात आपल्या नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत पायथन. झालं!

युजर्स उघडलं. आत नावांचे दोन फोल्डर होते.

खालचा तिचा.

"एलिना, लागतं तेवढंच!" दारातून पप्पांचा आवाज आला.



"सापडलं का गं बाय?" आंटी ओटीत चष्मा चाचपत पुढे वाकली. "थांब, मलापन बघू दे."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

वरच्या फोल्डरवर लिहिलं होतं, 'ॲल्रॉय मटिल्डा'.