बुडालेल्या कंपनीचा विमा

कर्ज देणारी कंपनी कधीच बुडाली होती. तिनं कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे अशा कंपन्यांच्या ग्राहकांसाठी असलेल्या भरपाई निधीतून सोडवून देतो, आमची फी फक्त पाव हिस्सा, असं सांगत एक कोटवाला स्वान्सी शहरातल्या ग्लेनिसबाईंच्या स्वयंपाकघरात अर्ज भरायला बसला.

"पेन्शनवर जगणाऱ्या बाईला नोकरी जाण्याचा विमा? काय निर्लज्ज माणूस असेल हो, आजी!"

"बोलायला मात्र फार गोड होता," त्याच्या चहात न विचारताच तीन चमचे साखर घालत ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"विमा विकणाऱ्याचं नाव आठवतंय का? इथं लिहायचंय."

ग्लेनिसबाईंनी कप त्याच्यापुढे सरकवला.

"लिही की, बाळा. स्वतःचं नाव मला काय विचारतोस?"