अंगणातली हरळी

शिरूर अनंतपाळहून लातूरला मुलाकडे आलेल्या ग्यानोबांना बसून खाण्याचे ओझे वाटू लागले होते. म्हणून घरी कोणी नसताना त्यांनी अंगणात माजलेली हरळी मुळासकट खणून काढली. संध्याकाळी मुलगा व्यंकट फाटकातच थबकला.

"शेतकऱ्याचं लेकरू तू, अन् दारात हरळी? एक कांडी राहिली तरी सारं रान खाती, लेका!"

"बरं केलं, आबा. मला सवडच नव्हती," व्यंकट हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नर्सरीचा टेम्पो दारात आला. "आजोबा, साहेबांनी उन्हाळाभर जिवापाड जपलेलं लॉन गेलं कसं हो? पुन्हा हीच हरळी धाडा म्हणले," टेम्पोवाला म्हणाला.

 

जिच्याशी जन्मभर हाडवैर केले, तीच हरळी ग्यानोबा खाली मान घालून लावू लागले.