अकराच्या अकरा जखमी

सर्वेशच्या डेराबस्सीच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नसत, म्हणून दर शनिवारी खऱ्या सामन्यांतल्या खेळावरून गुण देणाऱ्या मोबाइलवरच्या फुटबॉल लीगसाठी त्याचे अकरा खेळाडू त्याची बायको, ईश्वरी, निवडायची. टीम हरली की सर्वेशचा हात सुटायचा. कॅप्टन ऐनवेळी खेळलाच नाही, तेव्हा तिचा ओठ फाटला. गोलकीपरने चार गोल खाल्ले, तेव्हा मनगट मोडलं. आयुष्यात कधी मैदानावर न गेलेल्या ईश्वरीला आता कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाचा घोटा सुजलाय, सगळं तोंडपाठ होतं.

या शनिवारी तिने शोधून शोधून अकराच्या अकरा जखमी खेळाडू निवडले.

शिफ्ट सुटल्यावर सर्वेश चंदीगडला घरी आला तो कमरेचा पट्टा सोडतच. "शून्य गुण! सगळे हसतायत मला. मुद्दाम केलंस ना?" त्याने केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"हो, मुद्दाम," ती रक्त पुसत म्हणाली आणि तिने आतल्या खोलीचं दार उघडलं.

तिच्या सांगण्यावरून दुपारच्या विमानाने गुपचूप आलेल्या सासूबाई तिथे उभ्या होत्या. "माझा सर्वेश हात उचलणारा नाही," असं त्या दोन वर्षं फोनवर ठणकावून सांगत आल्या होत्या.