टेकडीवरची गढी

"इथंच गढी होती," म्हणून आमचे हे वर्षानुवर्षं सगळ्यांशी भांडत आले. आज टेकडी पालथी घातली, तर गवताखेरीज काही सापडलं नाही.

पायथ्याच्या वाडीत एका घरी पाणी मागितलं. घरातल्या गोजराबाई म्हणाल्या, "होती की गढी, मातीची. दिवाळीत पोरांचा किल्ला तिच्याच मातीचा करायचा, अशी आमची रीत. टोपल्या भरून नेता नेता गढी संपली. आता किल्ला मोडला की माती जपून ठेवतो, पुढच्या वर्षाला."

दिवाळी तोंडावर होती. दारोदारी ओल्या मातीचे किल्ले उभे राहत होते. चपला काढून हे पहिल्याच अंगणात बुरूज थापायला बसले.

रात्री ताट वाढलं, तरी हात धुवायला तयार होईनात.