यंदाची काठी

नावं फळ्यावर चढायच्या आत हेर्मेलिंदाला काहीतरी करायला हवं होतं.

युकुताची गावाची ग्रामसभा चर्चच्या पटांगणात भरली होती. या गावाचा अध्यक्ष पक्ष ठरवत नाहीत की मतपेट्या ठरवत नाहीत. फळ्यावर तीन नावं लिहितात, माणसं हात वर करतात, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या हाती वर्षभरासाठी गावाची काठी येते. पगार नाही आणि नकाराचीही सोय नाही.

चावडीच्या भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. शेवटच्या दोघांना काळी फीत आहे. दोघांनीही लाकूडवाल्यांना गावाचं जंगल तोडू द्यायला नाही म्हटलं होतं. दोघंही रानातल्या वाटेवर गोळी लागून पडलेले सापडले.

आणि यंदा जो तो हेर्मेलिंदाच्या नवऱ्याचं, फिदेन्सियोचं नाव घेत होता.

भीतीने तिची झोप उडाली होती. त्याला मात्र कशाचं काही नाही. दिवस कलला की सगळं गाव दारांना अडसर घालायचं आणि हा अंगणात खाट टाकून घोरायचा.

"येऊ दे काठी माझ्याकडे," मक्याची पेज पिताना तो सकाळी म्हणाला होता. "मला कोण हात लावतोय?"

"त्या दोघांच्या बायकाही हेच ऐकून निर्धास्त होत्या."

"त्यांचं वेगळं होतं," एवढंच बोलून त्याने टोपी उचलली.

शूराची विधवा होण्यापेक्षा भित्र्याची बायको झालेलं बरं, असं हेर्मेलिंदाचं साधं मत होतं.

गावातले सगळ्यात वडीलधारे प्रोकोरोबाबा खडू घेऊन उठले. तशी तीही उठली.

"बाबा, आधी गावच्या संताच्या जत्रेचं ठरवा. यंदाचं यजमानपण आमच्या घराने घेतलं."

पटांगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. जत्रेचं यजमानपण म्हणजे गावजेवण, बँड, फटाके, मेणबत्त्या. त्यापायी भल्याभल्यांच्या दावणीचे बैल जातात. पण ज्या घराने संताला शब्द दिला, त्या घरावर त्या वर्षी दुसरं पद टाकायचं नाही, ही पणजोबांपासूनची रीत. आणि दिलेला शब्द परत घेता येत नाही.

"नवऱ्याला विचारलंस का, पोरी?"

"नवऱ्याला विचारून बायका नवस बोलायला लागल्या, तर झालंच संताचं कल्याण."

बायका खुसखुसल्या. फिदेन्सियो मात्र ताडकन उठला.

"बाबा, तिचं ऐकू नका. मी काठी घ्यायला तयार आहे."

"शब्द गेला, बाळा. तुझं नाव आता फळ्यावर येत नाही."

फिदेन्सियोचा चेहरा पांढराफटक पडला. रागावला असणार, तिला वाटलं. रागावलेला नवरा परवडला, पुरलेला नाही.

हात वर झाले ते अबुंदियोसाठी. अबुंदियो म्हणजे हेर्मेलिंदाच्या मुलीचा, सोकोरोचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातांवर घेतलं होतं. हेर्मेलिंदाला त्याच्याकडे बघवेना. पण काठी घेऊन तोच तिच्यापाशी आला.

"वहिनी, जत्रेला बैल कमी पडला तर माझा न्या."

"जपून राहा, भावजी," ती कशीबशी म्हणाली.

"आजोबांनी कोर्टात भांडून राखलेलं जंगल. ते मी चोरांच्या हवाली करू होय? नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?" त्याने हसून फिदेन्सियोच्या खांद्यावर थाप मारली. फिदेन्सियोने मान वर केली नाही.

घराच्या वाटेवर तो तिच्या चार पावलं पुढे चालत होता. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"शिव्या दे, पण बोल काहीतरी. बैल गेले तर जाऊ देत. तू जिवंत आहेस, मला पुष्कळ झालं."

"मी जिवंतच राहणार होतो, हेर्मे."

"असं त्या दोघांनाही वाटलं होतं."

"काठी माझ्याकडे आली असती, तर मी लाकूडवाल्यांना हो म्हणणार होतो. यंदा मला कुणालाच मारावं लागलं नसतं."

ती थांबली. तोही थांबला. त्याने आपले दोन्ही हात समोर धरले.

"आधीचे दोघं निदान आपल्या पोरीचे धर्मपिते तरी नव्हते," तो म्हणाला.