कोपरा

"चाळीस मिनिटांची प्रत काढा," मोठे साहेब म्हणाले.

"कुठून काढू?"

"तुमच्या कपाटातून. आणखी कुठून?"

"रजिस्टरात नाही ते माझ्या कपाटात नसतं, साहेब," शिक्केकाका म्हणाले आणि शाईच्या डबीचं झाकण लावलं.

साहेबांनी खुर्ची ओढली. काकांच्या या शिक्क्या-रजिस्टरांच्या खोलीत ते कधी बसत नसत. कामगारही बसत नसत. इथं यायचं, कागद द्यायचा, कागद घ्यायचा, सही करायची आणि निघायचं.

मंगळवारी टाकीवाला अपघातात गेला होता. वाफेने टाकी धुतली की थांबायचं, मग झाकण उघडायचं, हे त्याचं रोजचं काम. तो वीस मिनिटं थांबला आणि त्याने झाकण उघडलं. आतली वाफ निवलेली नव्हती. टाकीजवळच्या भिंतीवर लावलेल्या कामाच्या पानावर वीसच लिहिलं होतं. आता सगळा प्रश्न एवढाच उरला होता, की अपघाताच्या दिवशी नियम विसाचा होता की चाळिसाचा. वीस असेल तर चूक कारखान्याची. चाळीस असेल तर मेलेल्या माणसाची.

"मी सही केली होती," साहेब म्हणाले. "मागच्याच महिन्यात. या हाताने."

"अपघातानंतर सगळ्यांना सह्या आठवतात, साहेब."

साहेबांनी टेबलावर हात आपटला नाही. आवाज उलट खाली आणला. "काका, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. कशाला ताणता?"

"म्हणूनच. बावीस वर्षांत रजिस्टरात एक खाडाखोड नाही. आता जाता जाता करू?"

काकांचा हा हेका सगळ्या कारखान्याला पाठ होता. कामाच्या पानात स्वल्पविराम हलवायचा तरी दुरुस्तीचा अर्ज लागे, तोही काळ्या शाईत. जुनं पान अख्खं जमा झालं की त्यावर 'रद्द'चा शिक्का बसे, मग नवं हातात मिळे, आणि मिळालं की मगच रजिस्टरात चढे. तोवर ते पान जन्मलंच नाही, असं काका म्हणत. भट्टीवाल्या मुकादमाने एकदा चहा सांडलेलं पान आणलं, तेव्हा काकांनी त्याच्याकडून चहाच्या डागाचा लेखी खुलासा घेतला. एका कामगाराच्या पानाचा क्रमांकाचा कोपराच फाटला होता; "अख्खं आणा," म्हणून काकांनी त्याला आल्या पावली परत धाडलं. त्यावर कॅंटीनमध्ये आठवडाभर लोकांचे चहा गोड झाले. कुणीतरी म्हणालं होतं, "काकांना जाळायला न्याल तेव्हा अर्ज काळ्या शाईत भरा, नाहीतर उठून बसतील."

चौकशी अधिकारी गुरुवारी आला. बारीक, पोटदुखी असल्यासारखा चेहरा. टाकीजवळच्या भिंतीवरचं पान त्याने पिशवीत घालून आणलं होतं. ओलं, कडा कुरतडल्यासारख्या. त्याने ते काकांसमोर ठेवलं.

"हे चालू पान?"

"रजिस्टर बघा."

अधिकाऱ्याने रजिस्टर पाहिलं. पानापानांवर एकसारखं अक्षर, रेघेवरून न घसरलेलं. टाकीच्या नोंदीत वीस मिनिटांच्या पानानंतर काहीच नव्हतं.

"दुरुस्ती झाली होती," मोठे साहेब म्हणाले. "अर्ज यांच्याकडे आला होता. यांना विचारा."

"काका?"

"जे दिलं, ते चढलं आहे," काका म्हणाले. "जे चढलं नाही, ते दिलेलं नाही."

अधिकारी पहिल्यांदाच किंचित हसला. "साहेब, एकीकडे तुमचा शब्द, एकीकडे हे रजिस्टर. असं रजिस्टर मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही."

साहेबांचं तोंड उतरलं. ते काकांकडे बघत राहिले, आणि काका शिक्क्याचा दांडा फडक्याने पुसत राहिले.

सोमवारी साहेबांना घरी बसवलं. अपघाताचं खापर त्यांच्यावर, शिवाय खोटी दुरुस्ती रेटल्याचा ठपका. अधिकाऱ्याने भिंतीवरचं पान पोच घेऊन काकांना परत केलं. कॅंटीनमध्ये काकांना लोक उठून जागा देऊ लागले. तिथं ते बसले नाहीत.

टाकीवाल्याची बायको आली ती दुपारी. दारातच थांबली.

"या ना, ताई. बसा."

ती बसली. "सासूबाई म्हणाल्या, जाऊन पाया पड. लोक म्हणत होते, घाई केली, स्वतःच्या हाताने मेला. पोराला शाळेत ऐकवत होते. तुम्ही होतात म्हणून त्यांचं नाव राहिलं, काका."

"मी काही केलं नाही," काका म्हणाले.

"तेच तर. साहेबांनी एवढं सांगून केलं नाहीत."

काकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागदाचा कपटा काढला.

"दवाखान्यातून कपडे दिले, त्यांच्या खिशात होता. आदल्या रात्री अंथरूण झटकून, कपाट सरकवून शोधत होते. मी म्हटलं, एवढ्याशा कपट्यासाठी काय जीव टाकता? तर म्हणाले, उद्या काम आटोपलं की काकांना नेऊन देतो. मला काही कळलं नाही. तुमचंच असेल म्हणून आणलं."

काकांनी कपटा तळहातावर उलगडला. त्यावर त्यांच्याच अक्षरात, काळ्या शाईत, प्रत क्रमांक सात होता.

"माझंच आहे," ते म्हणाले.

ती पाया पडून गेली. काकांनी दार लोटलं, भिंतीवरचं ते पान टेबलावर पसरलं आणि कपटा त्याच्या फाटक्या कोपऱ्याशी जुळवला. बरोबर बसला. मग त्यांनी जानव्याला बांधावी तशी कमरेला बांधलेली किल्ली सोडली आणि सर्वांत खालचा खण उघडला.

आतली प्रत कोरी करकरीत होती: चाळीस मिनिटं, मोठ्या साहेबांची सही, अपघाताच्या नऊ दिवस आधीची तारीख. फक्त जुनं पान अख्खं जमा व्हायचं बाकी होतं.